‘लाव’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

पत्र:

ताई, सहा महिन्यांपूर्वी मी नव्या नोकरीत रुजू झाले. टीममध्ये मराठी बोलणारं कुणी नाही, सगळा कारभार इंग्रजीत चालतो. कामापुरतं इंग्रजी मला चांगलं येतं. ई-मेल, अहवाल, मीटिंग, कुठेच अडत नाही. पण गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीसाठी आम्ही पाच जण हॉल सजवत होतो. मी शिडीवर होते, हातात बॅनरचं टोक. खालून भराभर सूचना येत होत्या आणि त्या कळेपर्यंत पुढची सूचना आलेली असायची. मला एवढंच सांगायचं होतं, की ‘तुझ्याकडची बाजू जरा ताणून धर’. वाक्य जुळेचना. शेवटी मी गप्प राहिले. नंतर एक जण सहज म्हणाली, ‘यू आर सो क्वाएट!’ ते फार लागलं. घरी येऊन रडले. आता पुढच्या महिन्यात पुन्हा एक पार्टी आहे आणि सजावटीच्या यादीत माझं नाव आहे. काढून घेऊ का?
– शिडीवर अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

नाव काढून घेऊ नका. तुमचं इंग्रजी कच्चं नाही. तुम्हाला जे अडलं ते इंग्रजी कुणी शिकवतच नाही. ई-मेल लिहिताना तुमच्याकडे वेळ असतो, वाक्य मनात घोळवता येतं, चुकलं तर खोडता येतं. शिडीवर दोन्ही हात गुंतलेले, मान वर, आणि समोरच्याला दोन सेकंदांत दोन शब्द हवे असतात. तिथे लांबलचक वाक्याचा काहीच उपयोग नसतो. लागतात ती छोटी क्रियापदं, वर-खाली-आत-बाहेर दाखवणारे शब्द, आणि नीट ऐकू आलं नाही तर चटकन विचारायची सवय. हे सगळं महिनाभरात येण्यासारखं आहे.

सुरुवात आपल्या ‘लाव’पासून करू, कारण माझ्या मते तुमचं वाक्य नेमकं तिथेच अडलं असणार. हॉल सजवायला मराठीत एक ‘लाव’ पुरतो. बॅनर लाव, माळ लाव, टेप लाव, खुर्च्या लाव, प्लग लाव, दिवे लाव, गाणी लाव, जाताना दार लाव. इंग्रजीत यातलं प्रत्येक काम निराळं. बॅनर ‘पुट अप’ करतात किंवा ‘हँग’ करतात. दिव्यांची माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत लावायची, तर ‘स्ट्रिंग द लाइट्स अलाँग द वॉल’. ती पेटवायची तर ‘टर्न ऑन’. प्लग ‘प्लग इन’. कागद भिंतीला टेपने चिकटवायचा तर ‘टेप इट टु द वॉल’, जमिनीवरची वायर कुणी अडखळू नये म्हणून चिकटवून टाकायची तर ‘टेप इट डाउन’. खुर्च्या ‘सेट आउट’, फुलदाणीतली फुलं ‘अरेंज’, फुगे दाराच्या मुठीला लावायचे म्हणजे बांधायचे, म्हणून ‘टाय’. दार ‘शट’.

एवढी यादी वाचून घाबरू नका. नीट पाहिलंत तर यातली निम्मी कामं एकट्या ‘पुट’वर निभावतात, फक्त त्याच्या शेपटाला योग्य शब्द जोडायचा. उंचावर किंवा भिंतीवर असेल तर ‘पुट अप’. टेबलावर सगळ्यांना दिसेल असं मांडायचं असेल तर ‘पुट आउट’, म्हणजे ‘लेट्स पुट आउट द कप्स’. गाणी ‘पुट ऑन’. हातातलं खाली ठेवायचं तर ‘पुट डाउन’. काम झाल्यावर कात्री जागच्या जागी ठेवायची तर ‘पुट अवे’. हे पाच आले तर तुमचा ‘लाव’ आणि ‘ठेव’ बराचसा सुटला. एकच लक्षात असू द्या, मेणबत्तीच्या बाबतीत ‘पुट आउट’ म्हणजे विझवणं.

‘ठेव’बद्दल थोडं जास्त सांगते, कारण ही चूक आपण सगळेच करतो. ‘फुलदाणी टेबलावर ठेव’ याचं आपण सरळ ‘कीप द व्हास ऑन द टेबल’ करतो. आपसात ते चालून जातं. पण वेगवेगळ्या देशांतली माणसं टीममध्ये असतील तर त्यांना ‘कीप’मधून ऐकू येतं ‘आहे तिथेच राहू दे’. फुलदाणी तर त्यांच्या हातात असते! मग ती बुचकळ्यात पडतात, आणि आपल्याला वाटतं आपलेच उच्चार चुकले. ठेवायला ‘पुट’. धरून राहायला सांगायचं असेल तेव्हा मात्र ‘कीप’ हवाच: ‘कीप होल्डिंग इट’, ‘कीप गोइंग, कीप गोइंग, स्टॉप’. बॅनर सरकवताना हे शेवटचं फार कामाला येतं.

‘सोड’चंही तसंच. एकदा मी शिडीवर होते आणि खाली एक मैत्रीण पडद्याचं टोक धरून उभी होती. माझी गाठ बसली, म्हणून मी तिला म्हटलं, ‘लीव्ह इट’. तिने मान डोलावली आणि टोक धरूनच उभी राहिली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तिचा चेहरा पडला. ‘लीव्ह इट’ म्हणजे ‘आहे तसं असू दे, हात लावू नकोस’. तिला वाटलं मी रागावले आणि काहीच हलवू नकोस म्हणते आहे. मला म्हणायचं होतं ‘यू कॅन लेट गो नाउ’. हातातलं सोडायचं तर ‘लेट गो’. त्या दिवसापासून मी हे दोन शब्द कधी मिसळले नाहीत, आणि तुम्हीही मिसळू नयेत असं मनापासून वाटतं, कारण शिडीवर असताना वेळेआधी सोडलेलं टोक महागात पडतं.

आता तुमचाच प्रसंग पुन्हा उभा करू. तुम्ही वर आहात, खाली उजवीकडे एक जण, आणि तिसरी व्यक्ती लांबून बघते आहे. तुमचं वाक्य होतं ‘तुझ्याकडची बाजू जरा ताणून धर’. इंग्रजीत ते एवढंच आहे: ‘कॅन यू पुल युअर एंड टाइट?’ टोकाला ‘एंड’, ताणायला ‘पुल टाइट’. मग लांबून बघणाऱ्या व्यक्तीला विचारायचं, ‘इज इट स्ट्रेट?’ ती म्हणेल, ‘युअर साइड इज अ बिट लो’ किंवा ‘इट्स सॅगिंग इन द मिडल’, म्हणजे मधोमध झोळ पडलाय. तुम्ही थोडं वर घ्याल आणि विचाराल, ‘हाउ अबाउट नाउ?’ ती म्हणेल, ‘अप अ बिट मोअर… धॅट्स इट, राइट देअर!’ हे ‘राइट देअर’ ऐकून उजवीकडे सरकवू नका. इथे ‘राइट’ म्हणजे ‘नेमकं’: बस, तिथेच. मग तुम्ही टेप मागाल, ‘कॅन यू पास मी द टेप?’ आणि चिकटवून झालं की म्हणाल, ‘ओके, आय हॅव गॉट इट, यू कॅन लेट गो.’ ‘आय हॅव गॉट इट’ म्हणजे ‘माझ्या हातात आहे, मी सांभाळते’. सगळा संवाद इतकाच, यात अवघड असं एकही वाक्य नाही.

डाव्या-उजव्याचा घोळ मात्र इंग्रजीचा नाही, तो कुठल्याही भाषेत होतो. तुम्ही मागे वळून खालच्या व्यक्तीशी बोलता, तेव्हा दोघींची तोंडं एकमेकींकडे; तिचं डावं ते तुमचं उजवं. सरळ विचारा, ‘माय लेफ्ट ऑर युअर्स?’ त्याहून चांगला उपाय म्हणजे डावं-उजवं सोडूनच द्या आणि ‘टुवर्ड्स द विंडो’, ‘टुवर्ड्स द डोअर’ असं बोला. खिडकी सगळ्यांची एकच असते. मी तर हीच पद्धत वापरते.

‘थोडं’ किती थोडं, यालाही इंग्रजीत पायऱ्या आहेत. ‘अ टच हायर’ म्हणजे अगदी नखभर. ‘अ बिट’ म्हणजे थोडं. ‘अ कपल ऑफ इंचेस’ म्हणजे दोनेक इंच, साधारण पाच सेंटिमीटर. आणि ‘क्वाइट अ बिट’ ऐकायला थोडं वाटतं, पण त्याचा अर्थ ‘बरंच’ असा होतो. ‘इट नीड्स टु गो अप क्वाइट अ बिट’ असं कुणी म्हणालं आणि तुम्ही नखभर सरकवलंत, तर तीच सूचना पुन्हा येणार, आणि तुम्हाला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय.

काम सांगण्याची पद्धत. आपण ‘प्लीज होल्ड धिस’ म्हणतो ते नम्र समजून, पण सोबतीने काम करताना ते थोडं हुकमी ऐकू येतं. ‘कॅन यू होल्ड धिस फॉर अ सेकंद?’ हे जास्त मोकळं. आपल्या ‘एक काम कर’चं शब्दशः ‘डू वन थिंग’ करू नका, ‘हाउ अबाउट वी मूव्ह द टेबल फर्स्ट?’ असं सुचवा. आणि एका वाक्याची खास काळजी घ्या: ‘वुड यू माइंड होल्डिंग द लॅडर?’ याचा शब्दार्थ ‘शिडी धरायला तुमची हरकत आहे का?’ असा आहे. म्हणून तयार असाल तर उत्तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. गडबडीत आपण ‘येस, येस’ म्हणतो. लोक समजून घेतात, पण क्षणभर थबकतात. गोंधळ वाटला तर ‘शुअर’ म्हणा आणि शिडी धरा.

जड टेबल दोघांनी उचलायचं असतं तेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘ऑन थ्री’. आता तीन म्हणतानाच उचलायचं की तीन झाल्यावर? इंग्रजी बोलत मोठे झालेलेही यात गडबडतात, म्हणून आधी विचारायला अजिबात लाजू नका: ‘ऑन थ्री, ऑर आफ्टर थ्री?’ पाठ सलामत राहते.

आता सामानाची नावं. ही पाठ करत बसू नका, बोट दाखवून ‘दॅट वन’ म्हटलं तरी भागतं. काही ठिकाणी मात्र एकच वस्तू ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं वेगळ्या नावाने मागतात, तेवढं माहीत हवं. दिव्यांच्या माळेला ब्रिटिश ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात, अमेरिकन ‘स्ट्रिंग लाइट्स’. पताकांना ब्रिटिश ‘बंटिंग’ म्हणतात. आपण ज्याला एक्स्टेन्शन बोर्ड म्हणतो तो ब्रिटिशांचा ‘एक्स्टेन्शन लीड’. अमेरिकन मात्र नुसती लांब वायर असेल तर ‘एक्स्टेन्शन कॉर्ड’ म्हणतात आणि चार-पाच प्लगची पट्टी असेल तर ‘पॉवर स्ट्रिप’. टाचणीसारखी बोटाने दाबायची पिन ब्रिटिशांची ‘ड्रॉइंग पिन’, अमेरिकनांची ‘थम्बटॅक’. पारदर्शक चिकटपट्टीला ब्रिटनमध्ये ‘सेलोटेप’ आणि अमेरिकेत ‘स्कॉच टेप’ म्हणतात. दोन्ही ब्रँडची नावं, पण बोलण्यात वस्तूचीच होऊन बसली आहेत. तुम्ही ‘क्लिअर टेप’ म्हणा, दोघांनाही कळेल.

भिंतीवर मात्र ती लावू नका. ‘मास्किंग टेप’ मागा. ही टेप 1925 मध्ये अमेरिकेत मोटारी रंगवणाऱ्यांसाठी तयार झाली. दोन रंगांची गाडी रंगवताना एक रंग झाकून ठेवायचा आणि नंतर खालचा रंग न उपटता टेप काढायची, ही त्यांची गरज होती. म्हणून ती हलक्या हाताने निघते आणि भाड्याच्या हॉलच्या भिंतीचे पापुद्रे सोबत येत नाहीत. ‘लेट्स यूज मास्किंग टेप सो द पेंट डझन्ट कम ऑफ’ हे वाक्य तुम्ही आधीच तयार ठेवलंत तर टीममधला एक चांगला मुद्दा तुमच्या नावावर जमा होईल.

फुग्यांचंही एक व्यावहारिक सांगते. फुगवायला ‘ब्लो अप’, गाठ मारायला ‘टाय’, आणि फुटला तर ‘इट पॉप्ड’. ‘इट ब्रोक’ नाही, ते कपाला. हीलियम भरलेला साधा अकरा इंची रबरी फुगा साधारण अर्धा ते एक दिवसच तरंगतो, कारण हीलियमचे अणू रबरातून हळूहळू झिरपून जातात. चकचकीत फॉइलचे फुगे बरेच दिवस टिकतात. आदल्या रात्रीच कुणी रबरी फुग्यांत हीलियम भरायला निघालं, तर तुम्ही म्हणू शकता, ‘शॅल वी लीव्ह द हीलियम वन्स टिल टुमॉरो?’ आणि बघा, इथे ‘लीव्ह’ अगदी बरोबर बसला: ते उद्यापर्यंत असू देत.

काही शब्द मात्र समजायलाच हवेत, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो. ‘वॉच आउट!’ तुम्हाला ठाऊक असेल. पण ‘हेड्स अप!’ असं कुणी ओरडलं तर वर बघायचं नाही, डोकं सांभाळत बाजूला व्हायचं. शब्दांवर गेलं तर मान आपोआप वर जाते. माझ्या एका सहकाऱ्याने अशीच वर मान केली आणि टेपचं रीळ थेट कपाळावर बसलं. (तेच ‘हेड्स अप’ ई-मेलमध्ये येतं तेव्हा त्याचा अर्थ नुसती ‘आगाऊ कल्पना’.) ‘कमिंग थ्रू!’ म्हणजे मागून कुणी सामान घेऊन येतंय, वाट द्या. ‘माइंड युअर हेड’ किंवा ‘वॉच युअर हेड’ म्हणजे डोकं आपटेल. तुम्ही स्वतः शिडीवर असाल तर एक वाक्य हक्काने म्हणा, ‘कॅन समवन होल्ड द लॅडर, प्लीज?’ आणि कुणी येईपर्यंत वर जाऊ नका. शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, आणि चढता-उतरताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम टेकलेले ठेवायचे. चढताना हात रिकामे हवेत, सामान नंतर मागायचं. त्यासाठीच ‘पास मी’.

आता तुमच्या मनात खरी सल आहे त्याबद्दल. एखादी सूचना कळली नाही की आपण हसतो आणि मान डोलावतो. निदान या कामात तरी ते टाळा. कळलेला भाग तेवढा परत म्हणा आणि उरलेला विचारा: ‘मूव्ह व्हॉट, सॉरी?’ ‘द सिल्व्हर वन्स?’ ‘बाय द विंडो?’ असं म्हणाल्याने कुणी तुम्हाला कमी समजत नाही. उलट ऐकणाऱ्याला खात्री पटते की सूचना पोचली. विमानाचे पायलटसुद्धा कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणून दाखवतात, आणि तिथे तर ते बंधनकारक असतं. शब्द आठवला नाही तर त्या वस्तूचं काम सांगा: ‘द थिंग फॉर पम्पिंग बलून्स’. पंप लगेच हातात येईल.

दुसऱ्याचं काम वाकडं झालं असेल तर ‘इट्स राँग’ म्हणू नका. ‘डज धॅट लुक स्ट्रेट टु यू?’ असं विचारा. बहुतेक वेळा समोरची व्यक्ती स्वतःच मागे सरकून बघते आणि सुधारते. एखादी गोष्ट संपली तर ‘द टेप इज ओव्हर’ऐवजी ‘वी आर आउट ऑफ टेप’. संपत आली असेल तर ‘वी आर रनिंग लो’. हे वेळेत सांगणारी व्यक्ती टीमला फार हवीशी असते, बरं का.

‘यू आर सो क्वाएट’ या वाक्यात टोमणा असेलच असं नाही. पुष्कळदा ती बोलायला बोलावण्याची एक पद्धत असते. तुम्हाला गप्पा मारायलाच हव्यात असं नाही. हातातलं काम बोलून दाखवलंत तरी पुरे. ‘आय विल डू द टेबल्स.’ ‘आय ॲम डन हिअर, व्हॉट्स नेक्स्ट?’ ‘डू यू नीड अ हँड विथ धॅट?’ ही तीन वाक्यं अख्ख्या संध्याकाळी दहा वेळा म्हणता येतात, आणि तेवढ्याने माणूस गप्प वाटत नाही.

सराव मात्र वहीत करू नका. घरी एक कागद आणि टेप घ्या, भिंतीवर लावा, सरळ करा, काढा, आणि हात चालत असतानाच मोठ्याने बोला: ‘अप अ बिट. टुवर्ड्स द डोअर. धॅट्स इट. नाउ टेप इट. ओके, टेक इट डाउन.’ घरात कुणी असेल तर एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने करायचं, मग उलट. रोज दहा मिनिटं पुरेत. हातांच्या हालचालीसोबत शिकलेला शब्द हात हलला की आपोआप जिभेवर येतो. तुम्हाला शिडीवर तोच हवा आहे.

पार्टीच्या दिवशी हॉलमध्ये शिरल्यावर ‘व्हॉट शुड आय डू?’ असं विचारत थांबू नका. ‘शॅल आय स्टार्ट ऑन द बॅनर?’ असं काम निवडूनच विचारा. हो, बॅनरच निवडा. त्याची सगळी वाक्यं तुमच्याकडे आता आहेत. आणि पार्टी संपल्यावर उतरवायच्या वेळी थोडं थांबा. तेव्हा घाई नसते, सूचना कमी असतात, सगळे थकलेले आणि मोकळे असतात. ‘शॅल वी सेव्ह द लाइट्स?’, ‘डझ धिस गो इन द बिन?’ असं विचारत विचारत खऱ्या गप्पा तिथेच सुरू होतात.

बॅनर सरळ लागला का, ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई